वाढणारा आणि जेवणारा

न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण भागातील बॉवरी हा रस्ता एकेकाळी अमेरिकेतील दारिद्र्याचा आणि दारूचा शेवटचा मुक्काम समजला जाई. काम गेलेले, घर मोडलेले, व्यसनाने पोखरलेले पुरुष देशाच्या कानाकोपऱ्यांतून तेथे येत, काही सेंट भाड्याने मिळणाऱ्या खुराड्यांत रात्र काढीत आणि पुष्कळदा तेथेच संपत. आज त्या रस्त्यावर महागडी उपाहारगृहे आणि काचेच्या इमारती उभ्या आहेत. परंतु तेथून हाकेच्या अंतरावर, ईस्ट फर्स्ट स्ट्रीटवर, ३६ क्रमांकाच्या एका जुन्या घराने आपला जुना व्यवसाय सोडलेला नाही. 'सेंट जोसेफ हाऊस' हे त्याचे नाव. १९६८ पासून या घरी भुकेल्या माणसांची रांग लागते, त्यांना सूप आणि पाव वाढला जातो आणि त्यांच्यापैकी काहींना वरच्या मजल्यांवर राहावयास जागाही मिळते.

अशा घरात प्रथमच मदतीला गेलेल्या माणसाची एक विलक्षण अडचण होते. स्वयंपाकघरात कोणी कांदे चिरत असतो, कोणी मोठ्या पातेल्यात ओगराळे फिरवीत असतो, कोणी खरकटी भांडी विसळीत असतो. यांपैकी सेवा करावयास आलेला कोण आणि सेवा घ्यावयास आलेला कोण, हे त्याला ओळखता येत नाही. कांदे चिरणारा तरुण विद्यापीठातून आलेला असेल, किंवा गेल्याच महिन्यात रस्त्यावरून उचलून आणलेला असेल. ओगराळे धरणारा वृद्ध निवृत्त अध्यापक असेल, किंवा वीस वर्षांपूर्वी याच रांगेत थरथरत्या हाताने वाडगा पुढे करणारा दारुडा असेल. हाताला काही उद्योग नाही असा एकच मनुष्य तेथे असतो, आणि तो म्हणजे दान करण्याचा संकल्प करून आलेला हा नवखा स्वयंसेवक!

ही अडचण वाटते तितकी किरकोळ नाही. जो वाढतो त्याचा हात वर असतो आणि जो जेवतो त्याचा हात खाली असतो. अन्न देणाऱ्याला अन्न घेणाऱ्यावर, त्याने मागितलेली नसली तरी, एक सत्ता प्राप्त होते. ख्रिस्ती निवाऱ्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा एका अर्थाने या सत्तेचे काय करावयाचे या प्रश्नाचा इतिहास आहे. ज्यांनी ती वापरली त्यांनी पोटे भरली. ज्यांनी ती टाकून दिली त्यांनी माणसे उभी केली, असे म्हटल्यास ते थोडे ढोबळ होईल. परंतु खोटे होणार नाही.

सूप आणि प्रवचन

या कार्याचा आधुनिक आरंभ लंडनच्या ईस्ट एंड भागात झाला. विल्यम बूथ या मेथॉडिस्ट उपदेशकाने १८६५ साली तेथील गुत्त्यांच्या दारांत उभे राहून प्रवचने देण्यास सुरुवात केली आणि १८७८ साली आपल्या संस्थेला 'सॅल्व्हेशन आर्मी' हे लष्करी थाटाचे नाव दिले. थंडीच्या दिवसांत पुलाखाली कुडकुडत झोपलेली माणसे पाहून बूथ अस्वस्थ झाले आणि यांच्यासाठी काहीतरी करा, असे त्यांनी आपल्या मुलास, ब्रॅमवेलला, बजावले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. १८८८ साली लाइमहाऊस येथे संस्थेचा पहिला निवारा उघडला. पुढे लंडनच्या निवाऱ्यांत एक पेनी देणाऱ्यास बाकावर बसून रात्र काढता येई आणि चार पेन्स देणाऱ्यास शवपेटीच्या आकाराची लाकडी पेटी अंथरुणादाखल मिळे. आज ते वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या काळी उघड्यावर झोपल्यास पोलीस हुसकावीत असत, हे ध्यानात घेतले म्हणजे ती पेटीही आसराच होता हे पटते. १८८२ साली हेच सैनिक मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांचे पुढारी फ्रेडरिक टकर हे मुलकी सेवेतील अधिकारपद सोडून आलेले होते. भारतीय वेष आणि भारतीय नाव धारण करणाऱ्या या गोऱ्या माणसाला रस्त्यावर मिरवणुका काढल्याबद्दल खुद्द इंग्रज सरकारने तुरुंगात टाकले, हा इतिहासातला एक मौजेचा विरोधाभास होय.

बूथ यांच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि आधी सूप, मग साबण आणि अखेर आत्म्याचा उद्धार असा त्यांच्या कार्याचा क्रम होता, आणि त्यातील शेवटची पायरी टाळून पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबण्याची मुभा जेवणाऱ्याला क्वचितच असे. ती मुभा नसणे म्हणजे काय, याची साक्ष जॉर्ज ऑर्वेल यांनी देऊन ठेवली आहे. बिहारमधील मोतीहारी येथे जन्मलेल्या आणि ब्रह्मदेशातील पोलीस अधिकाऱ्याची नोकरी सोडून लंडनच्या भणंगांत जाऊन राहिलेल्या या लेखकाने १९३३ साली 'डाऊन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' हे पुस्तक प्रसिद्ध केले. चहा आणि पाव यांच्या मोबदल्यात गुडघे टेकून प्रार्थना करावी लागणारे बेघर त्या पुस्तकात आहेत. त्यांच्या मनात यजमानांविषयी कृतज्ञता उत्पन्न होत नाही. उत्पन्न होतो तो संताप. भुकेल्या माणसाकडून भक्ती वसूल केली की भक्तीही खोटी होते आणि भाकरीही कडू होते, हे ऑर्वेल यांनी प्रत्यक्ष पाहिले होते.

त्याच्याही आधी, १९०५ साली, बर्नार्ड शॉ यांनी 'मेजर बार्बरा' या नाटकात दुसऱ्या बाजूने चिमटा काढला होता. दारुड्यांना सुधारणारा निवारा पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात असतो आणि त्याला वाचविण्यासाठी पुढे येतो तो व्हिस्की गाळणारा एक कारखानदार, आणि त्याच्या जोडीला तोफा विकणारा दुसरा! ज्या व्यापाराने माणसे गटारात लोळविली त्याच व्यापाराच्या देणगीतून त्यांना गटारातून वर काढावयाचे, या हिशेबाने नाटकाच्या नायिकेची श्रद्धा डळमळते. देणगी कोणाची घ्यावी हा प्रश्न शॉ यांच्या नाटकाबरोबर संपलेला नाही. आजही निवारा चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या खजिनदाराला तो पडतो, निदान पडावयास हवा.

महाराष्ट्राची जुनी जखम

महाराष्ट्राला या वादाची ओळख ऑर्वेल किंवा शॉ यांच्याकडून करून घेण्याची गरज नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढील वर्षी ते पुण्यास नेले. विधवांना शिक्षण आणि आसरा देणाऱ्या या संस्थेच्या पाठीशी न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे उभी होती. परंतु सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जाऊ लागल्या, तेव्हा १८९३ साली मोठे वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली आणि सल्लागार मंडळातील मान्यवरांनी आपले अंग काढून घेतले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपासमारीने मरणाच्या दारी पोहोचलेल्या मुलींना आणले आणि केडगाव येथे 'मुक्ती'चा संसार उभा राहिला.

या प्रकरणाचा निवाडा एका वाक्यात करण्याचा मोह अनेकांना झाला आहे. रमाबाईंनी आसऱ्याच्या आडून धर्मांतर केले, असे एक पक्ष म्हणतो. ज्या समाजाने त्या मुलींना मरावयास सोडले त्याला त्यांच्या धर्माची काळजी करण्याचा अधिकार काय, असे दुसरा पक्ष विचारतो. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच ती जखम सव्वाशे वर्षांनंतरही पुरती भरलेली नाही. निवाऱ्याच्या दारावर क्रूस दिसला की अनेकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते, आणि त्या शंकेच्या भरात निवाऱ्याबाहेर झोपलेला मनुष्य मात्र कोणालाच दिसत नाही. अट घालणारी भाकरी वाईट, हे खरेच. पण भाकरीच न देता दुसऱ्याच्या अटीवर टीका करणे हे त्याहून चांगले कसे ठरते?

या पेचातून वाट काढणारे उदाहरण ख्रिस्ती परंपरेतच घडले, हे विशेष. ते घडले बॉवरीच्या परिसरात आणि ते घडविणारी स्त्री मूळची धर्मोपदेशक नव्हती. ती पत्रकार होती.

एका सेंटाचे वृत्तपत्र

डोरोथी डे यांचा जन्म १८९७ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. तरुणपणी त्या समाजवादी वृत्तपत्रांतून लिहीत, स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुरुंगात जात आणि देवाधर्माशी त्यांचा फारसा संबंध नसे. १९२७ साली त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला, पण गरिबांची बाजू सोडली नाही. जागतिक मंदी ऐन भरात असताना पीटर मोरँ नावाचा एक भटका फ्रेंच विचारवंत त्यांच्या दारी आला आणि त्या दोघांनी १ मे १९३३ रोजी न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये 'द कॅथलिक वर्कर' हे वृत्तपत्र विकावयास काढले. किंमत एक सेंट. ती किंमत त्यांनी कधीच वाढविली नाही.

वृत्तपत्रात मोरँ लिहीत, की प्रत्येक ख्रिस्ती माणसाने आपल्या घरात एक खोली पाहुण्यासाठी राखून ठेवावी. लिहिणारे लिहितात आणि वाचणारे वाचतात, असा जगाचा सर्वसाधारण रिवाज. येथे मात्र वाचणाऱ्यांतील काही बेघर माणसे थेट कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली! जे छापले ते खरे करून दाखविणे भाग पडले. त्यातून पहिले 'आतिथ्यगृह' निघाले. त्यानंतर एकामागून एक निघत गेली आणि आज अमेरिकेत व इतर देशांत मिळून अशी दीडशेहून अधिक घरे आहेत. त्यांचे मध्यवर्ती कार्यालय नाही, अध्यक्ष नाही आणि वेतनश्रेणी नाही. तेथे राहून काम करणाऱ्या स्वयंसेवकाला पगार मिळत नाही. खोली, जेवण आणि किरकोळ खर्चापुरते पैसे, एवढ्यावर त्याने भागवावयाचे असते. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याचा धर्म विचारला जात नाही. प्रार्थना होते, ज्याला बसावयाचे असेल त्याने बसावे, ज्याला नको असेल त्याने सूप पिऊन आपल्या वाटेने जावे.

असे घर टापटिपीचे असते असा कोणी समज करून घेऊ नये. ढेकूण, भांडणे, चोऱ्या, मध्यरात्री दारावर बसणाऱ्या लाथा यांविषयी डोरोथी डे यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. १९५६ साली त्यांच्या ख्रिस्टी स्ट्रीटवरील घराला आगीचा धोका आहे म्हणून न्यायालयाने २५० डॉलर दंड ठोठावला. न्यायालयाकडे निघालेल्या डे यांच्या हातात गर्दीतील एका गबाळ्या वेषाच्या माणसाने एक कागद ठेवला. रांगेतलाच कोणी असेल, असे त्यांना वाटले. पुढे गेल्यावर त्यांनी पाहिले, तर तो नेमका २५० डॉलरचा धनादेश होता आणि देणारा होता प्रख्यात कवी डब्ल्यू. एच. ऑडन. दाता कोण आणि याचक कोण हे ओळखण्यात त्या घराची मालकीणही चुकली. आणि ही चूक हेच त्या घराचे मोठे यश म्हणावे लागेल.

चार वर्षांनी दुसरा प्रसंग घडला. भुयारी रेल्वेच्या कामासाठी शहराने ते घर ताब्यात घेतले आणि मोबदल्याबरोबर विलंबाचे ३,५७९ डॉलर व्याजही पाठविले. घरात डाळदाण्याची चणचण नेहमीचीच. तरीही डे यांनी व्याजाची रक्कम शहराच्या खजिनदाराला परत केली. पैशाने पैसा मिळविणे आपल्या श्रद्धेत बसत नाही, असे त्यांचे म्हणणे. या निर्णयाला कोणी हट्ट म्हणेल, कोणी भाबडेपणा म्हणेल. परंतु शॉ यांच्या नाटकातील खजिनदाराला ज्याचे उत्तर सापडले नव्हते, त्या प्रश्नाचे हे एक उत्तर होते, हे नाकारता येणार नाही.

१९७० साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, डे कलकत्त्यास येऊन मदर तेरेसांना भेटल्या. दोघींच्या स्वभावांत अंतर होते. मदर तेरेसा राज्यकर्त्यांशी वाद घालीत नसत. डे वाद घालण्याची एकही संधी सोडीत नसत. युद्धाविरुद्ध, अण्वस्त्रांविरुद्ध, मळेवाल्यांविरुद्ध त्या उभ्या राहिल्या आणि १९७३ साली कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या लढ्यात, पंचाहत्तराव्या वर्षी, पुन्हा तुरुंगात गेल्या. २९ नोव्हेंबर १९८० रोजी त्यांचा मृत्यू झाला, तोही न्यूयॉर्कमधील आपल्याच एका आतिथ्यगृहात, बेघर स्त्रियांच्या शेजारच्या खोलीत.

बुडणाऱ्याने बुडणाऱ्याला

भुकेल्या माणसाला सूप दिले की त्याची त्या वेळेपुरती भूक भागते. व्यसनी माणसाचे तसे नाही. त्याला काय द्यावे हेच कळत नाही. उपदेश त्याने पुरेसा ऐकलेला असतो, शपथा त्याने मोजता येणार नाहीत इतक्या घेतलेल्या असतात. या माणसाला कोण मदत करू शकतो, या प्रश्नाचे उत्तरही न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती निवाऱ्यातून पुढे आले.

तेथील वॉटर स्ट्रीटवर जेरी मॅकॉले या माणसाने १८७२ साली एक निवारा उघडला होता. मॅकॉले हा स्वतः दारुडा, नदीवरच्या चोऱ्यांत मुरलेला आणि सिंगसिंगच्या तुरुंगातून शिक्षा भोगून आलेला. जो बुडाला होता त्यानेच दुसऱ्या बुडणाऱ्याला हात द्यावयाचा, ही कल्पना या निवाऱ्याने रूढ केली. साठ वर्षांनंतर, १९३४ साली, त्याच शहरातील कॅल्व्हरी मिशन या निवाऱ्यात राहून दारू सोडलेला एक गृहस्थ आपल्या जुन्या मित्राला भेटावयास गेला. हा मित्र म्हणजे बिल विल्सन. शेअरबाजारातील धंदा आणि स्वतःचे आयुष्य या दोहोंचेही त्याने दिवाळे काढले होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात विल्सनने शेवटचा पेला घेतला आणि तो उत्साहाने कॅल्व्हरी मिशनमधील दारुड्यांना सुधारण्याच्या मागे लागला.

पाच-सहा महिने त्याने धडपड केली. एकही दारुडा सुधारला नाही. निराश होऊन त्याने पत्नीपाशी गाऱ्हाणे केले, तेव्हा तिने त्याच्या लक्षात आणून दिले, की एक मनुष्य मात्र इतके महिने दारूशिवाय राहिला आहे, आणि तो म्हणजे तो स्वतः! मे १९३५ मध्ये ओहायोतील अॅक्रन या गावी धंद्यात अपयश आल्यावर हॉटेलच्या मद्यगृहातून येणारे हसण्याचे आवाज त्याला खेचू लागले, तेव्हा त्याला हे आठवले. तो दूरध्वनीकडे वळला आणि बोलण्यासाठी दुसरा दारुडा शोधू लागला. त्याला डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक भेटले. समोरच्याला वाचविण्यासाठी नव्हे, तर स्वतःला वाचविण्यासाठी विल्सन त्यांच्याशी बोलला. त्या दोघांच्या बोलण्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली आणि आज तिच्या सभा मुंबईतील चर्चच्या सभागृहांतून आणि शाळांच्या वर्गांतून मराठीतही भरतात.

स्वयंसेवा या शब्दाचा खरा अर्थ या हकिगतीत दडलेला आहे. विल्सनच्या सेवेचे फळ मोजावयास कोणी हिशेबनीस बसला असता, तर त्याने शून्य लिहिले असते. ज्यांची सेवा केली त्यांच्यात बदल झाला नाही. ज्याने सेवा केली तो मात्र वाचला. दुसऱ्याला सुधारण्याचा अहंकार गळून पडल्यावरच विल्सनच्या शब्दांत समोरच्याला पोहोचण्याचे सामर्थ्य आले.

महाराष्ट्रात हाच धडा दोन वाटांनी आला. फादर जो परेरा या कॅथलिक धर्मगुरूंनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने 'कृपा फाउंडेशन' स्थापन केले. बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य असलेल्या या धर्मगुरूंनी व्यसनमुक्तीच्या उपचारांत योगासनांना स्थान दिले. चर्चच्या अंगणात योगासने, हे दृश्य कर्मठ ख्रिस्ती आणि कर्मठ हिंदू या दोघांनाही सारखेच बुचकळ्यात टाकणारे! दुसरी वाट पुण्याची. ब्राऊन शुगर ऊर्फ 'गर्द'ने मध्यमवर्गीयांच्या घरांत शिरकाव केला, तेव्हा डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट या दांपत्याने १९८६ साली 'मुक्तांगण' उभे केले आणि पु. ल. देशपांडे यांनी त्याला आर्थिक बळ दिले. मुक्तांगण हे कोणत्याही धर्माचे नाही. परंतु तेथेही रुग्णांना समजावून घेणाऱ्या कार्यकर्त्यांत एकेकाळचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. धर्माचा मार्ग धरा किंवा धर्माला वगळा, कालचा जेवणारा आज वाढावयास उभा राहतो तेव्हाच घर चालते, हे दोन्ही वाटांनी सिद्ध केले आहे.

अट नसलेले छप्पर

यावर एक व्यावहारिक आक्षेप घेतला जातो. व्यसन सोडण्याची अट न घालता आसरा दिला, तर माणसे आळशी आणि निर्ढावलेली होणार नाहीत काय? हा आक्षेप स्वाभाविक आहे; परंतु त्याची परीक्षा आता झालेली आहे. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णांना व व्यसनींना आधी घर आणि मग उपचार, तेही त्यांच्या इच्छेने, असा प्रयोग सुरू केला. त्यापूर्वीची पद्धत उलट होती: आधी सुधारा, मग घर मिळेल. या प्रयोगातील बहुसंख्य माणसे घरात टिकली. व्यसन आपोआप सुटले असा दावा कोणी करू नये. तसा पुरावा नाही. परंतु घर मिळाल्यामुळे व्यसन वाढले, ही भीतीही खरी ठरली नाही. फिनलंडने २००८ पासून हे धोरण देशपातळीवर स्वीकारले. त्या ओघात हेलसिंकीतील सॅल्व्हेशन आर्मीच्या एका मोठ्या निवाऱ्यातील सामायिक खाटा जाऊन तेथे स्वतंत्र घरकुले झाली. ज्या संस्थेने कधीकाळी शवपेटीच्या आकाराचे अंथरूण दिले, त्याच संस्थेने आता बेघर माणसाच्या हातात त्याच्या स्वतःच्या दाराची किल्ली दिली. संस्था शिकतात, हे यावरून दिसते. मात्र त्यांना शिकावयास सव्वाशे वर्षे लागावीत, हे काही भूषण नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बेघरांची व्यवस्था करणे हे शासनाचे कर्तव्य असताना चार भाविकांनी सूप वाढून शासनाला त्यातून मोकळे का करावे? २०११ च्या जनगणनेत भारतात १७ लाखांहून अधिक माणसे बेघर आढळली आणि त्यांतील ९ लाखांहून अधिक शहरांत होती. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे निदान एक कायमचा निवारा असावा, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून पुढे आला आणि २०१३ नंतर केंद्राच्या शहरी उपजीविका योजनेत निवाऱ्यांसाठी तरतूदही झाली. हा दंडक कागदावरून फुटपाथपर्यंत पोहोचविणे ही नगरपालिकांची जबाबदारी आहे आणि कोणत्याही धर्मसंस्थेच्या दयाळूपणाने ती कमी होत नाही. तथापि शासन छप्पर देऊ शकते, खाट देऊ शकते, रखवालदार नेमू शकते; रात्री दोन वाजता तलफेने तळमळणाऱ्या माणसाजवळ बसून राहील असे कोणी शासनाला नेमता येत नाही. डोरोथी डे सूपही वाढीत आणि शासनाच्या दारी निदर्शनेही करीत. यांपैकी एक करावे की दुसरे, हा वादच त्यांना निरर्थक वाटे.

सेवकाने काय सोडावे

तेव्हा एखाद्या शिक्षकाने, कारकुनाने वा विद्यार्थ्याने आपल्या गावातील निवाऱ्यात अथवा व्यसनमुक्ती केंद्रात जाण्याचे मनात आणलेच, तर काय घेऊन जावे यापेक्षा काय सोडून जावे याचा विचार त्याने आधी केलेला बरा. सुधारणेचा उत्साह त्याने घरी ठेवावा. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या आयुष्याची चौकशी करण्याचा हक्क ओगराळ्याबरोबर मिळत नाही, हे ओळखावे. छायाचित्र काढू नये. खिशातून पैसे काढून देऊ नयेत आणि जे पाळता येणार नाही असे वचन तर मुळीच देऊ नये, कारण मोडलेल्या वचनांनीच त्या माणसाला तेथवर आणून सोडलेले असते. नाताळ, दिवाळी आणि स्वतःचा वाढदिवस एवढ्याच दिवशी मिठाई घेऊन येणारे पाहुणे कोणत्याही निवाऱ्याला कमी नसतात. निवाऱ्याला कमी असतात ती पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी, ठरलेल्या वेळी, भांडी घासावयास येणारी माणसे. आठवड्याचे दोन तास, पण वर्षभर न चुकता, ही देणगी धनादेशाहून मोठी आहे.

आणि अपयशाची तयारी ठेवावी. तीन महिने दारूला न शिवलेला मनुष्य, ज्याने काल हसत पाव कापून दिला, तो आज पुन्हा रस्त्यावर पडलेला सापडतो. नवख्या सेवकाला त्या दिवशी आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. वस्तुतः फसवणूक कोणीच केलेली नसते. आजाराने आपला स्वभाव दाखविलेला असतो. जुनी माणसे अशा वेळी फारसे बोलत नाहीत. ती दार उघडतात आणि त्याला आत घेतात. त्यांच्यापैकी कित्येकांसाठी ते दार असेच दोनदा, चारदा उघडले गेलेले असते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र आणि परक्याला आसरा देण्याची एक यादी आहे. गाडगेबाबांनी महाराष्ट्राला सांगितलेल्या कर्तव्यांची यादीही जवळपास याच शब्दांनी सुरू होते. बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि गावात शिरताच उपदेशाआधी हातात झाडू घेतला. दोन वेगळ्या धर्मपरंपरा, दोन वेगळ्या भाषा, आणि यादी एकच, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. भुकेची यादी सगळीकडे सारखीच असते. फरक पडतो तो यादीच्या खाली आणखी एखादी अट लिहिली जाते की नाही एवढ्याचा.

ईस्ट फर्स्ट स्ट्रीटवरच्या घरात जेवणे आटोपली, की मोठे पातेले घासावयाचे राहते. ते कोणाच्याच आवडीचे काम नाही. सकाळपासून अवघडून उभा असलेला नवखा स्वयंसेवक अखेर बाह्या सरसावून पुढे होतो, आणि बहुधा रांगेतलाच कोणीतरी, न बोलता, त्याच्याकडे घासणी सरकवून देतो. त्या क्षणी देणारा कोण आणि घेणारा कोण, हे विचारण्याची गरज त्या दोघांनाही उरत नाही.